‘थांबा’ म्हणायचा अधिकार

(८ मार्चच्या निमित्ताने जव्हार इथे जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड तालुक्यांतल्या बायकांचा मेळावा भरला होता. अंगणवाडी सेविका, आशा, आश्रमशाळांतल्या शिक्षिका, बचत गटांतल्या बायका आणि कॉलेजच्या मुली आल्या होत्या. केंद्र सरकारच्या सेवेत अणुसुरक्षा अभियंता म्हणून छत्तीस वर्षं काम करून २०२० साली निवृत्त झालेल्या एका मैत्रिणीने तिथे केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. त्यांच्या इच्छेनुसार नाव दिलेलं नाही.)

मैत्रिणींनो,

मघाशी चहाच्या वेळी एका अंगणवाडीताईंनी मला विचारलं, “ताई, तुम्ही अणूचं काम करायच्या म्हणजे बॉम्ब करायच्या का?” सगळ्याजणी हसल्या, पण प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे अणू म्हटलं की बॉम्बच आठवतो. तर नाही, मी बॉम्ब केला नाही. मी वीजही केली नाही. वीज करणारे वेगळे. त्यांच्याकडे जायचं, त्यांची कागदपत्रं वाचायची, यंत्रं बघायची आणि विचारायचं, “हे बंद पडलं तर? तेही बंद पडलं तर? रात्री दोन वाजता दोन्ही एकदम बंद पडलं तर?” हे विचारण्याचा मला पगार मिळत होता. घरात बाईनं असं विचारलं की त्याला कटकट म्हणतात. आमच्याकडे त्याला सुरक्षा परीक्षण म्हणायचे.

मला इथे बोलावलं त्याचं कारण माझी नोकरी. पण मी आले त्याचं कारण माझी आई. आई नर्स होती. मोखाडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात तिनं बरीच वर्षं काढली, नंतर जव्हार तालुक्यात बदली झाली. मी लहानपणी तिच्याबरोबर पाड्यांवर फिरलेली आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी, सगळ्या घरांत तिला नर्सबाई म्हणायचे, आणि मला नर्सबाईची पोर. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की आम्ही अलीकडेच बसून राहायचो. पलीकडे एखादी बाई अडलेली असायची. आई काही बोलायची नाही, फक्त घड्याळाकडे बघायची. तिच्या एका वहीबद्दल मी पुढे सांगणार आहे. आधी माझं काम सांगते, म्हणजे वहीचं महत्त्व कळेल.

विझवलेली चूल

आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या एका टोकाला समुद्रावर तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. देशातलं हे पहिलं. २८ ऑक्टोबर १९६९ पासून तिथून वीज मिळायला लागली. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. पुढे २००५ आणि २००६ साली ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या आपल्या लोकांनी उभारून चालू केल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद हायकोर्टापर्यंत गेला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरावर, तुम्ही. मधलं अंतर एसटीनं काही तासांचं. पण तारापूरच्या गाड्या बोईसरला थांबतात आणि तुमच्याकडे कोण येत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

अणुभट्टी म्हणजे काय? शेवटी ती चूलच. जळण वेगळं, युरेनियमचं. उष्णतेनं पाण्याची वाफ करायची, वाफेनं चक्र फिरवायचं, चक्रानं वीज. पण या चुलीत एक खोड आहे. आपली चूल विझवली, पाणी मारलं, की काम संपलं. अणुभट्टी बंद केली तरी आतलं जळण तापतच राहतं. बंद केल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता शिल्लक असते, दिवसभरानं ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण एवढ्या मोठ्या चुलीचा तो अर्धा टक्का आहे. त्यामुळे भट्टी बंद केल्यावरही दिवसच्या दिवस तिच्यात पाणी फिरतं ठेवावं लागतं. पाण्याला पंप लागतो, पंपाला वीज लागते. बाहेरची वीज गेली तर डिझेल जनरेटर, तो गेला तर दुसरा, दोन्ही गेले तर बॅटऱ्या, त्याही संपल्या तर आणखी काही. असे एकामागे एक बंदोबस्त करायचे आणि ते खरोखर चालतात का हे पाहायचं. आमच्या कामाचा गाभा एवढाच.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशात नरोरा इथे टर्बाइनची पाती तुटली. जनरेटर थंड ठेवायला त्यात हायड्रोजन असतो. तो बाहेर आला आणि पेटला. आगीत वायरी जळाल्या आणि सुमारे सतरा तास केंद्रात वीज नव्हती. कंट्रोल रूममध्ये धूर. भट्टी बंद झाली होती, पण मी सांगितलं ती उरलेली उष्णता आतच होती. तिथल्या कामगारांनी आग विझवण्याचे डिझेल पंप लावून पाणी चालू ठेवलं. काहीजण अंधारात बॅटऱ्या घेऊन वर चढले आणि भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून बोरॉनचं द्रावण आत सोडणारे व्हॉल्व्ह त्यांनी हातांनी उघडले. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. त्या माणसांना मी मनापासून नमस्कार करते. पण सुरक्षा अभियंत्याला तिथेच थांबता येत नाही. अशा प्रकारच्या पात्यांबद्दल आधी इशारा आलेला होता, हे नंतर पुढे आलं. इशारा आला, तो कागदावर राहिला.

११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाला तेच झालं, फार मोठ्या प्रमाणावर. पाच-सहा मीटरची लाट धरून बंदोबस्त केलेला, आली ती चौदा-पंधरा मीटरची. डिझेल जनरेटर खालच्या मजल्यावर. ते बुडाले, पंप थांबले, आतलं जळण वितळलं. २००८ सालीच त्या कंपनीतल्या माणसांनी हिशेब केला होता, पंधरा मीटरहून उंच लाट येऊ शकते असा. वरच्यांनी सांगितलं, आणखी अभ्यास करू. भिंत वाढली नाही. त्यानंतर आपल्याकडेही सगळी केंद्रं पुन्हा तपासली. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या समुद्रालगत आणि तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या, म्हणून तिथे बारकाईनं पाहावं लागलं.

या दोन्ही गोष्टींतून मी एकच शिकले. यंत्र मोडतं, ते मोडणारच. खालच्या माणसाला दिसलेलं वरच्यानं ऐकलं नाही की मात्र त्या मोडण्याचा अपघात होतो.

पुरुषाच्या मापाचा झगा

मी १९८४ साली नोकरीला लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९८३ मध्ये, सरकारनं अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन केलं होतं आणि सुरक्षेच्या कामाला माणसं हवी होती. मी मेकॅनिकल इंजिनिअर. वर्गात आम्ही दोघी मुली, बाकी सगळे मुलगे. मुलाखतीत मला विचारलं, “लग्न झाल्यावर काय करणार?” मी म्हटलं, “जेवण. आत्ताही करते.” तेव्हा त्यांनी घेतलं.

त्या काळी बायकांना वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये पाळ्यांचं काम मिळत नसे. कारखाने कायदा १९४८ चा. त्याच्या ६६ व्या कलमानं बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात कामाला लावता येत होतं. कायदा संरक्षणासाठी होता. पण ज्यानं रात्रपाळी केली नाही त्याला भट्टी चालवण्याचा अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून त्याला मोठं पद नाही. संरक्षण म्हणून दिलेली गोष्ट बाईला दाराबाहेर कशी ठेवते, हे मला तिथे कळलं.

एका केंद्रावर, कुठलं ते सांगत नाही, मी पहिल्यांदा तपासणीला गेले. आत जाताना आपले कपडे काढून तिथला झगा घालावा लागतो, बाहेर येताना अंगावर काही लागलंय का ते यंत्रानं तपासतात, लागलं असेल तर अंघोळ करावी लागते. कपडे बदलायची खोली एकच, पुरुषांची. झगे सगळे पुरुषांच्या मापाचे. माझ्या बाह्या हाताखाली वीतभर लोंबत होत्या, आणि लोंबणारी बाही म्हणजे यंत्रात अडकणारी बाही. मी अहवालात पहिला मुद्दा तोच लिहिला. साहेब म्हणाले, “हा काय सुरक्षेचा मुद्दा आहे?” मी म्हटलं, “अडकली तर तुम्हीच अपघात म्हणून लिहाल.” पुढच्या भेटीला एका कोठाराला पडदा लावून खोली केलेली होती. त्याची कडी बाहेरून होती. कडी आतून लागायला आणखी एक वर्ष गेलं.

१९८९ साली मला दिवस गेले. आमच्या छातीला एक बिल्ला असतो, टीएलडी म्हणतात. अंगावर किती किरण पडले ते त्यावरून मोजतात. काम करणाऱ्या माणसासाठी आपल्या देशाची आताची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १. बाईनं दिवस गेल्याचं कळवलं की पोटातल्या बाळाला उरलेल्या काळात १ पेक्षा जास्त मिळता कामा नये, असा नियम आहे. नियम चांगला आहे. त्याचा अर्थ, तिला कमी किरणांच्या जागी काम द्या. मी कळवलं. मला कमी किरणांच्या जागी काम दिलं नाही. मला तपासणीच्या यादीतूनच काढलं आणि फायली लावायला बसवलं, बाळंतपणानंतर वर्षभरसुद्धा. विचारलं तर उत्तर मिळालं, “तुमच्याच भल्यासाठी.” मग माझ्या मागून आलेल्या मुलींनी काय केलं असेल? त्या शक्य तितक्या उशिरा कळवायला लागल्या. ज्या नियमानं बाळ वाचायचं, तो नियम राबवणाऱ्यांनी बाईला शिक्षा केली, म्हणून बाया लपवायला लागल्या. सुरक्षेत याच्यापेक्षा मोठी चूक नाही. खरं सांगणाऱ्याला शिक्षा झाली की पुढचं खरं तुमच्यापर्यंत येत नाही.

‘कारण’ नावाचा रकाना

ही मर्यादा कुठून आली, हे मला शिकताना कुणी सांगितलं नाही. नंतर वाचलं. ती बायकांच्या शरीरांवरून आली.

१९२० च्या सुमाराला अमेरिकेत अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकड्या रंगवायला तरुण मुली ठेवत. रंगात रेडियम असे. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठात धरायला त्यांना शिकवलं होतं. काही वर्षांनी त्यांचे जबडे सडायला लागले, हाडं मोडायला लागली. एकीच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं गुप्तरोग. म्हणजे मरण रेडियमनं आणि बदनामी बाईची. न्यू जर्सीतल्या पाचजणी कोर्टात गेल्या, १९२८ साली तडजोड झाली. शरीरात रेडियम किती चालेल याचा पहिला आकडा १९४१ साली ठरला, तो अशाच रंगारी बायकांच्या तपासणीवरून.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधल्या ॲलिस स्टुअर्ट या डॉक्टर बाईची. १९५० च्या दशकात तिथे लहान मुलांत रक्ताचा कॅन्सर वाढत होता आणि कारण कळत नव्हतं. ही बाई म्हणाली, आयांना विचारू या. त्यांना काहीतरी आठवत असेल. तिनं प्रश्नांची यादी केली आणि ज्यांची मुलं कॅन्सरनं गेली त्या आयांपर्यंत ती पोचवली. उत्तरांतून दिसलं की ज्या आयांचा गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढला होता, त्यांच्या मुलांत हा आजार जवळजवळ दुप्पट. तिनं हे १९५६ आणि १९५८ साली छापलं. मोठमोठे डॉक्टर म्हणाले, आयांच्या आठवणीवर काय विसंबायचं? मान्य व्हायला कितीतरी वर्षं लागली. आज गरोदर बाईचा एक्स-रे काढताना डॉक्टर दहादा विचार करतात, कारण एका बाईनं आयांना विचारलं आणि ते लिहून ठेवलं.

आता आईची वही.

सरकारी रजिस्टरमध्ये मृत्यूच्या नोंदीला एक रकाना असतो, ‘कारण’. आई त्यात सुरुवातीला जे दिसलं ते लिहायची. “दोन महिने आईला दूध नाही.” “घरात नागली संपली, बाप भट्टीवर.” तुम्हाला सांगायला नको, दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर जातात. तिला वरून सांगण्यात आलं, असं लिहायचं नाही, आजाराचं नाव लिहायचं. मग ती ताप, हगवण, निमोनिया लिहायला लागली. खोटं नव्हतं, शेवटी ताप येऊनच मूल गेलेलं असायचं. पण आईनं शंभर पानी वही घेतली आणि खरं काय ते त्यात लिहून ठेवलं. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला शंभरावर मुलं गेली. राज्यभर बोभाटा झाला, मुंबईहून वर्तमानपत्रवाले आले, मंत्री आले. आई तेव्हा निवृत्तीला आलेली. ती मला म्हणाली, “अगं, यंदा मोजली म्हणून दिसली.”

तेव्हा मला त्या वाक्याचं महत्त्व कळलं नाही. त्याच सुमाराला माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती आज पहिल्यांदा चारचौघींत सांगते. एका केंद्रावर आणीबाणीचा पंप चालू करून बघायची चाचणी होती. पहिल्यांदा पंप चालू झाला नाही. दुसऱ्यांदा झाला नाही. तिसऱ्यांदा झाला. तिथल्या तिथे दुरुस्ती झाली. मी अहवालात तिन्ही वेळा लिहिल्या. वरिष्ठ म्हणाले, “आता चालतोय ना? मग कशाला लिहायचं? त्यांना उगाच त्रास.” मी दोन दिवस थांबले. मुलगी लहान होती, बढतीचं वर्ष होतं. मी ती ओळ काढली, “चाचणी समाधानकारक” असं लिहिलं आणि सही केली.

काही झालं नाही. पंपाचं काम कधी पडलंच नाही. पण काही झालं नाही, हा माझ्या बरोबर असण्याचा पुरावा नाही. खरोखर गरज पडली असती तेव्हा तिसऱ्यांदा चालू करायला वेळ मिळाला असता का, हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्यामागून येणाऱ्यालाही ते कळू नये अशी व्यवस्था मी करून ठेवली होती. आई गेल्यावर ती वही माझ्या हाती आली. पानं उलटताना मला माझीच लाज वाटली. तिला रकान्यात खरं लिहू दिलं नाही, तर तिनं वेगळी वही केली. मला लिहायला पगार मिळत होता आणि मी खोडलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी कुणाच्या सांगण्यावरून ओळ काढली नाही. त्याची किंमतही मोजली, त्याचं रडगाणं इथे नको.

तपासणारा कुणाच्या घरचा?

तुम्ही म्हणाल, एकट्या बाईच्या हिमतीवर काय होणार? बरोबर आहे. हिमतीला व्यवस्थेचा टेकू लागतो. नियामक मंडळ १९८३ साली झालं ते सरकारी आदेशानं, संसदेनं केलेल्या कायद्यानं नव्हे. ज्या अणुऊर्जा आयोगाचा प्रमुख वीज करणाऱ्या खात्याचाही सचिव, त्याच आयोगाला हे मंडळ जबाबदार. सुनेच्या तक्रारीचा निवाडा सासूच्याच घरात, तसं हे. १९९३ ते १९९६ मंडळाचे अध्यक्ष असलेल्या डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी पद सोडल्यावर हे जाहीरपणे मांडलं. २०१२ साली देशाच्या महालेखापालांनीही मंडळाला पुरेसं स्वातंत्र्य नाही असा ठपका ठेवला. स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक २०११ मध्ये आलं, २०१४ ला लोकसभेबरोबर संपलं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं अणुऊर्जेचा नवा कायदा केला. त्यात मंडळाला कायद्याचं स्थान मिळालं, आणि त्याच कायद्यानं या धंद्याचं दार खासगी कंपन्यांनाही उघडलं. म्हणजे तपासणाऱ्याची आता जास्तच गरज. कायद्यातली जागा मिळाली, आता तिथे बसणाऱ्याचा कणा किती ताठ राहतो ते बघायचं.

थोडक्यात वाचली, ते लिहा

हे सगळं तुम्हाला जव्हारला का सांगतेय? तारापूरच्या आणीबाणीच्या आराखड्यात केंद्राभोवतीचा १६ किलोमीटरचा टापू धरतात. तुम्ही त्याच्या कितीतरी बाहेर. तुमची आणीबाणी वेगळी आहे आणि ती दर पावसाळ्यात येते.

आमच्या कामातली एकच रीत मला तुमच्या हाती द्यायची आहे. आमच्याकडे अपघाताची वाट बघत नाहीत. अपघात होता होता राहिला, तर तोही लिहितात. जगभर त्यासाठी शून्य ते सात अशी पायरी आहे. चेर्नोबिल आणि फुकुशिमा सातवर, नरोरा तीनवर. अगदी शून्य पायरीची घटनासुद्धा लिहायची असते. काय झालं, कधी झालं, आधी काय दिसलं होतं, कुणाला सांगितलं होतं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार आणि कोण करणार. बाई दोषी की डॉक्टर दोषी, हा प्रश्न यादीत नाही. मी खोडली ती अशीच शून्य पायरीची गोष्ट होती, म्हणून तिचं महत्त्व मला माहीत आहे.

आता पाड्यावर बघा. एखादी अडलेली बाई झोळीत घालून चार माणसं रस्त्यापर्यंत आणतात. गाडी दोन तासांनी येते. बाई वाचते, मूल वाचतं. आपण देवाला नारळ फोडतो आणि विसरून जातो. मैत्रिणींनो, ती नारळ फोडण्याइतकीच लिहून ठेवण्याची गोष्ट आहे. गाडीला फोन कधी केला, आली कधी, रस्ता कुठे तुटला होता, उपकेंद्रात कोण होतं. अशा पाच नोंदी झाल्या की सहावी बाई कुठे मरणार आहे ते आधीच दिसतं.

आपल्याकडे लिहिण्यानं काय होतं याचा दाखला गडचिरोलीत आहे. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला, वजन करायला, लिहायला आणि साधे उपचार करायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं दाखवलं की सरकारी नोंदीत येणारे बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा खूप कमी असतात. आईचं वाक्यच ते, मोजली म्हणून दिसली. योजना नाहीत असं नाही. २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि बाळंतीण बायकांना एक वेळचं गरम जेवण आहे. बालमृत्यूच्या चौकशीच्या केंद्राच्या सूचना २०१४ पासून आहेत. पण जेवण कुठल्या दिवशी शिजलं नाही, चौकशीला कोण आलं आणि आईला काय विचारलं, हे तुम्हीच लिहायला हवं.

म्हणून सांगते, पाड्यागणिक एक वही करा. आशाताई लिहील, नाहीतर नववी-दहावीतली मुलगी लिहील. अंगणवाडी बंद होती ते दिवस. टँकर आला नाही ते दिवस. मोखाड्यात कोचाळ्याला धरण बांधून मुंबईला पाणी गेलं आणि शेजारच्या पाड्यावर बाई उन्हाळ्यात हंडा घेऊन टेकडी उतरते, तर ती किती वेळा उतरते ते लिहा. तारीख घाला. दोघींच्या सह्या किंवा अंगठे घ्या. ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंद मागा.

नंतरची प्रश्नोत्तरं

*प्रश्न : तारापूर सुरक्षित आहे का?*

“सुरक्षित आहे” असं कायमचं प्रमाणपत्र कुठल्याच केंद्राला देता येत नाही. दरवेळी तपासून, या दिवशी हे ठीक दिसलं, एवढंच म्हणता येतं. कुणी छाती ठोकून “काळजीच करू नका” म्हणालं तर मला जास्त काळजी वाटते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. माणसं थंडीत घराबाहेर झोपली. गावातल्या बायकांनी आधी सांगितलं, आणखी यंत्रं त्यानंतर बसली. अशा वेळी केंद्राला प्रश्न विचारणं हा तुमचा हक्क आहे. विरोधक म्हणतील म्हणून घाबरू नका. मी तर सरकारचा पगार घेऊन तेच विचारत होते.

*प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला या कामाला पाठवू का?*

पाठवा. आश्रमशाळेतली मुलगी तिथे बसली तर मला फार आनंद होईल. ओढ्याच्या अलीकडे अडकलेल्या माणसाला “दोन्ही एकदम बंद पडलं तर?” हा प्रश्न शिकवावा लागत नाही. फक्त तिला सांगा, कडी आतून आहे का ते पहिल्या दिवशी बघ.

*प्रश्न (एक आशाताई) : आम्ही वहीत लिहू. पण कुणी वाचलंच नाही तर? वर माझंच नाव खराब होईल.*

होईल, ही भीती खरी आहे. म्हणून एकटीनं लिहू नका. माझ्या आईची चूक म्हणा, नाइलाज म्हणा, तो एवढाच होता की वही तिची एकटीची होती, ट्रंकेत राहिली. मी ओळ खोडली तेव्हा मीही एकटीच होते. त्या खोलीत आणखी एखादी बाई असती आणि “राहू दे ती ओळ” म्हणाली असती, तर मी खोडली नसती, असं मला वाटतं. तुम्ही आज इथे दीड-दोनशेजणी आहात. कुणा एकीला ओळ खोडायला सांगितलं, तर बाकीच्यांनी तिच्या शेजारी जाऊन बसायचं. एवढं आज ठरवून उठू या.

ती वही मी बरोबर आणली आहे. नावं झाकून त्यातली काही पानं उतरवून काढली आहेत. जेवणानंतर ज्यांना बघायची असतील त्यांनी माझ्याकडे यावं. रकाने कसे आखायचे तेही आपण तिथेच ठरवू.